नमुना क्रमांक सतरा

चार विमानं, एक मालवाहू बोट,
आणि उतरताना कुणीतरी घट्ट धरलेलं माझं मनगट.
बेटावर भर दुपार होती.
माझ्या घड्याळात अजून नागपूर होतं,
उद्याची पहाट, साडेचार.

संत्री वाटेतच गेली.
"बिया चालत नाहीत," म्हणत अधिकाऱ्याने
सहाच्या सहा पिवळ्या डब्यात टाकली.
बर्फीचा डबा हुंगला, आणि जाऊ दिला.
म्हणून त्या बेटाला संत्र्याची चव ठाऊक आहे
पण साल कशी निघते ते ठाऊक नाही.
मी हातांनी करून दाखवलं. पोरं हसली.

बेट केवढं?
बर्डीवरून निघून धरमपेठेला पोचायच्या आत
संपेल एवढं.
माणसं एकशे बेचाळीस, डुकरं त्याहून जास्त.
नदी नाही. विहीर खणली तर खारी.
पत्र्यावरून पन्हाळीत, पन्हाळीतून टाकीत
आभाळ सोडेल तेवढंच पाणी.
मी त्याच्यासाठीच गेलेले:
अठरा टाक्या, अठरा बाटल्या,
क्रमांक, तारीख, तापमान.

सतरावी टाकी तेपाएरूची.
सिमेंटवर खडूच्या रेघा,
कोणत्या महिन्यात पाणी कुठवर उतरलं त्याच्या.
सगळ्यात खालच्या रेघेला तिने नाव दिलं होतं,
नवऱ्याचं.
का, ते मी विचारलं नाही.

तिने मात्र विचारलं,
"तुमचा समुद्र कोणत्या बाजूला?"
म्हटलं, कोणत्याच नाही.
पश्चिमेला एक अख्खी रात्र रेल्वेने,
पूर्वेला त्याहून लांब.
आमच्या गावात एक दगडी खांब आहे,
शेजारी चार दगडी घोडे,
म्हणतात की तिथून सगळ्या देशाची अंतरं मोजली.
नातवाने ते तिच्या भाषेत नेलं,
घोड्यांपाशी जरा अडखळला.
ती मासा साफ करत राहिली.
मग म्हणाली,
"मग बोट येत नाही तेव्हा
तुम्ही लोक कुठे बघता?"

बोट आली नाही.
चौथ्या दिवशी येणार होती, अकरा दिवस आली नाही.
खोटं कशाला लिहू, मला कंटाळा आला.
तेच निळं, तोच नारळ,
रात्रभर प्रवाळावर आपटणारा तोच आवाज,
आमच्या पाचपावलीतल्या मागासारखा
जो बंद पडला तरच जाग यावी.
डाळीची आठवण येऊन एकदा रडलेसुद्धा.
तेपाएरूने पाहिलं,
आणि माझ्या ताटात आणखी एक मासा वाढला.

अहवाल गेला. तपासून उरलेलं पाणी
फेकायचं असतं.
मी सतराव्यातलं अर्धी बाटली घरी आणलं,
फ्रिजमध्ये ताकाच्या मागे ठेवलं,
कशासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मे महिना. शेहेचाळीस अंश.
कूलरचा वाळा सकाळीच कोरडा ठक्क,
नळाला दोन दिवस फक्त हवा.
मी कामावरून आले तर ओट्यावर बाटली,
आडवी, रिकामी, लेबल भिजून सुटलेलं.
बाबा तोंड पुसत होते.
चाळीस वर्षं माग चालवून कान गेलेले,
समुद्र त्यांनी कॅलेंडरवर पाहिलेला.

"कुठचं पाणी हाय वं हे?"
ते ओरडूनच बोलतात.
"गोड लागून रायलं."

मी तोंड उघडलं रागवायला.
अहवालात एक रकाना असतो, पिण्यायोग्य आहे किंवा नाही,
त्यात मी सतराव्यासमोर लिहिलं होतं
'उकळून'.

"लांबचं आहे," मी त्यांच्या कानाशी म्हटलं.
"आँ?"
"लांबचं!"
"कामठीचं?"
मी मान हलवली, हो की नाही कुणास ठाऊक.

"अजून आन मंग," म्हणाले,
आणि दुपट्टा डोक्यावर टाकून, दोन रिकामे गुंड घेऊन
पुन्हा दारातल्या पायरीवर जाऊन बसले,
टँकर वळतो त्या कोपऱ्याकडे
डोळे बारीक करून बघत.